चार बोटं पाणी

अशी कल्पना करा की तुमच्यासमोर जमिनीवर सात वर्षांची एक मुलगी मांडी घालून बसली आहे. तिची आई सहा महिन्यांपूर्वी वारली आहे. तुम्हाला तिला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, आई आता परत येणार नाही. दुसरी, आई तुला परत भेटणार आहे. दोन्ही खऱ्या मानूनच सांगायच्या, कारण तुमचा स्वतःचा दोन्हींवर विश्वास आहे. मोठे शब्द वापरायचे नाहीत. मुलगी रडत नाही, त्यामुळे डोळे पुसण्याचंही काम नाही. ती नुसती तुमच्या तोंडाकडे बघते आहे. बाहेर वैशाखाचं ऊन आहे. सांगा.

धुरपदाबाईंनी हे काम तीस वर्षांहून जास्त केलं. धुळ्याच्या बाहेर, सोनगीरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून मिशनचं पोरींचं बोर्डिंग आहे. तिथल्या त्या अक्का. नेमणुकीच्या कागदावर त्यांचं काम स्वयंपाक, धुणं आणि पोरींची देखरेख एवढंच लिहिलं होतं. पण बोर्डिंगात येणाऱ्या निम्म्या पोरी आई किंवा बाप, नाहीतर दोन्ही गमावून आलेल्या. त्यांनी विचारलं की उत्तर द्यायचं, हे काम कुठल्याच कागदावर नव्हतं. ते आपोआप स्वयंपाकघरातल्या बाईकडे आलं.

यंदाच्या उन्हाळ्यात मी तिथल्या विहिरीवर पंप बसवायला गेलो होतो. पंपाचा एक भाग जळगावहून यायचा राहिला, म्हणून चार दिवसांचं काम तीन आठवडे चाललं, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून अक्कांचं बोलणं ऐकायला मिळालं. त्यांना अडुसष्टावं लागलं आहे. गुडघे गेले आहेत, पण आठवण साफ आहे.

त्यांचं गाव पाचोऱ्याजवळचं. नवरा शेतमजूर होता. प्लेगच्या साथीत गाव ओस पडून माणसं रानात झोपड्या घालून राहिली, तेव्हा आठ दिवसांत नवरा गेला आणि मागोमाग सहा वर्षांची मुलगी गेली. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुरपदाबाईंनी रीतीप्रमाणे दोघांच्या नावानं घागरी भरल्या. आमच्या खानदेशात आखाजीला मेलेल्या माणसाची घागर भरतात, आणि गेल्या वर्षात जो गेला त्याची तर चुकवत नाहीतच. नवी घागर, थंड पाणी, वर डांगर म्हणजे खरबूज, आणि सांजोऱ्या. वाटेत तहानलेल्या जिवाला ते पाणी पोचतं अशी समजूत. मुलीची घागर लहान होती, कुंभारानं मुद्दाम तेवढी घडवून दिली होती. हे सांगताना अक्कांनी हातानं तिचा आकार दाखवला, नारळाएवढा.

नंतर त्या पोटासाठी धुळ्याला आल्या. तिथं मिशनच्या एका बाईनं त्यांना एक गोष्ट सांगितली, की प्रभू आपल्या मित्राच्या कबरीपाशी उभा राहिला आणि रडला. मित्राला तो उठवणार होता, ते त्याला ठाऊकही होतं, तरी आधी रडला. अक्का म्हणाल्या, बाकीचं मला पुढं हळूहळू कळलं, पण मी आत आले ती त्या रडण्याच्या दारानं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेबांनी नवं नाव सुचवलं तेव्हा त्यांनी जुनंच ठेवा म्हणून हट्ट धरला. लेकीनं उद्या हाक मारली तर ती ज्या नावानं मारणार तेच नाव असू दे, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी बोर्डिंगात एक पद्धत पाडली. ईस्टरच्या पहाटे सगळ्या पोरींना आंघोळी घालून मागच्या कबरस्थानात न्यायचं. सूर्य वर येईपर्यंत प्रत्येकीनं आपल्या गेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि त्याच्याबद्दल एकच खरी गोष्ट सांगायची. फार चांगला होता, प्रेमळ होता, असलं चालायचं नाही. खरी गोष्ट. मग कोणी सांगायची, मनी माय भाकर इतकी पातळ थापे की तव्यावरून उचलताना फाटे. कोणी सांगायची, बाप दारू प्यायचा, पण प्याल्यावर गाणी म्हणायचा. मग सूर्य निघाला की अक्का सांगायच्या, ज्यांची नावं घेतली ती प्रभूला पाठ आहेत, आणि एक दिवस तो अशाच सकाळी त्यांना हाक मारील. पोरी घरी येऊन गूळ घातलेली लापशी खायच्या. मरण म्हणजे काय हे त्यांना किती कळायचं कोण जाणे. पण त्या दिवशी कबरस्थानाची भीती जायची, एवढं खरं.

एकोणीसशे अठराच्या पावसाळ्यात पाऊस मधेच तुटला आणि दसऱ्याच्या सुमारास मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्लुएंझा, आला. बोर्डिंगच्या मागं नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्या वीस-बावीस घरांची वस्ती होती. घरोघरी माणसं आडवी. धुरपदाबाई सकाळ-संध्याकाळ पेजेची बादली घेऊन वस्तीत फिरायच्या आणि उंबऱ्याशी उभ्या राहून घरातल्यांना बजावायच्या, घोंगडी काढू नका, वारा लागू देऊ नका, पेज घोटभर द्या आणि ताप उतरेपर्यंत पाण्याचा थेंब देऊ नका. त्यांच्या आईनं त्यांना हेच शिकवलं होतं. तेव्हा घरोघरी असंच चालायचं. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांच्याकडून पाळून घ्यायला घरातलं पोर नाहीतर म्हातारं माणूस तेवढं उरलं होतं.

त्या वस्तीत तोताराम राहायचा. त्याची बायको चमेलीबाई चौथ्या दिवशी गेली. तोताराम स्वतः तापात होता, त्याला माती द्यायलाही उठता आलं नाही. बरा झाल्यावर तो पाचोऱ्याला रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये कामाला लागला आणि जाताना मुलीला बोर्डिंगात सोडून गेला. तिचं नाव झुंबर. सुरुवातीला मी ज्या मुलीची कल्पना करायला सांगितली ती हीच.

झुंबर कामाला चलाख होती, पण बोलायची कमी. आईचं नाव काढलं की पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरायची. अक्कांनी घाई केली नाही. त्यांना वाटलं, ईस्टरला बोलेल.

पुढच्या वर्षीचा उन्हाळा वाईट होता. आदल्या सालचा पाऊसच नव्हता, विहिरीच्या तळाला पुरुषभर पाणी राहिलं. पोरींना प्यायला सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा तांब्या मोजून मिळायचा. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, हिलाल मास्तरांनी प्रभूच्या दुःखाची कथा सांगितली. हे मास्तर बोर्डिंगात शास्त्र शिकवायचे. माणूस कोरडा दिसायचा, पण कथा सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. वधस्तंभावर प्रभूनं मला तहान लागली आहे असं म्हटलं आणि त्याला कोणी पाणी दिलं नाही, आंब, म्हणजे शिरका, दिली, हे त्यांनी सांगितलं तेव्हा झुंबर पहिल्या रांगेत बसली होती.

त्या दिवसापासून ती पाणी पिईना. अगदीच नाही असं नाही. ओठ ओले करायची, दोन घोट घ्यायची आणि तांब्यातलं उरलेलं दुसऱ्या पोरीला द्यायची. पोरी खूश. अक्कांच्या लक्षात यायला तीन दिवस गेले. तोवर ईस्टरची पहाट येऊन गेली होती आणि त्या पहाटे झुंबरनं आईचं नाव घेतलं होतं, पण पुढं काही सांगितलं नव्हतं. तिच्या ओठांना भेगा पडल्या. लघवीला जाताना रडू लागली. मिशनच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं पाहून सांगितलं, की पोरीला रोग काही नाही, पण या उन्हात अशीच राहिली तर पंधरा दिवस काढायची नाही. रागावून झालं, लाडानं झालं. गुळाचं पाणी केलं. अक्कांनी तिचं नाक दाबून पाजलं, तर ओकून टाकलं.

आखाजी जवळ आली. रस्त्यापलीकडं झुलाल कुंभाराचा भांडी भाजायचा आवा होता, तिथं नव्या घागरींच्या रांगा लागल्या. बोर्डिंगातल्या बहुतेक पोरी खेड्यातल्या, कडुनिंबाला झोके बांधलेले पाहून त्यांना घर आठवायचं. एका दुपारी झुंबर स्वयंपाकघरात येऊन बसली आणि तिनं विचारलं, की मायची पहिली आखाजी आहे, तिची घागर कोण भरणार?

अक्कांनी पीठ मळता मळता तिला समजावलं. आपण आता घागर भरत नाही. तुझी माय वाटेत अडकलेली नाही, ती प्रभूजवळ आहे. मग त्यांनी विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगितली. प्रभूनं तिच्याकडं पाणी मागितलं आणि तिला म्हणाला, मी जे पाणी देतो ते प्यायल्यावर पुन्हा कधी तहान लागत नाही. ते पाणी तुझ्या मायला मिळालं आहे. झुंबरनं सगळं नीट ऐकलं, मान हलवली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चमेलीबाईच्या कबरीवर एक लहान नवी घागर उभी होती. तोंडापर्यंत भरलेली. झुंबरनं आपलं सकाळचं आणि आदल्या संध्याकाळचं पाणी तिच्यात ओतलं होतं. घागर तिला झुलालच्या बायकोनं, सुंदरबाईनं दिली होती. वर्षातलं दुःख असलेल्या लेकराला पहिली घागर नाही म्हणायची, असं त्या घरात कोणाला जमलंच नसतं.

अक्कांनी ती घागर उचलायला हात पुढं केला आणि मागं घेतला. ती नारळाएवढी होती.

संध्याकाळी झुंबर धावत आली. तिचा चेहरा असा होता की अक्कांना आधी ती ओळखूच आली नाही. घागरीतलं पाणी चार बोटं उतरलं होतं.

"मायनी पानी पिधं," ती म्हणाली.

आणि तिनं कोपऱ्यातला आपला तांब्या उचलून घटाघटा रिकामा केला. मग भाकरी मागितली. दीड भाकरी खाल्ली.

आता घागर नवी असली की काय होतं हे मी सांगायला नको, पण सांगतो. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. पाणी त्यातून झिरपतं, बाहेर येतं आणि उन्हात उडून जातं, म्हणून तर घागरीतलं पाणी गार होतं. खानदेशच्या वैशाखात लहान कोऱ्या घागरीतून दिवसाला चार बोटं पाणी जाणं काही मोठं नाही. अक्कांना छिद्रांचं शास्त्र माहीत नव्हतं, पण नवी घागर पाणी पिते हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. त्यांनी त्या संध्याकाळी झुंबरला काहीच सांगितलं नाही. पोर जेवली होती. त्यांनी प्रभूकडं क्षमा मागितली आणि आपल्या वाटणीचं अर्धं पाणी दुसऱ्या दिवशी झुंबरला दिलं, म्हणजे तिला घागरीत घालायलाही पुरेल आणि प्यायलाही.

असे चार दिवस गेले. झुंबरच्या ओठांच्या भेगा भरल्या. आखाजीच्या दिवशी ती निंबाच्या झोक्यावर बसली, दुसऱ्या पोरीनं झोका दिला तर हसली.

पण कबरस्थानात आता अकरा भांडी झाली होती. पोरींना गोष्ट कळायला वेळ लागत नाही. कुंभाराच्या कडेला पडलेल्या तडकलेल्या घागरी, मडक्यांचे बूड, जे मिळेल ते आणून त्यांनी आपापल्या माणसापुढं पाणी मांडलं. जिचा बाप दूर सातपुड्याच्या पायथ्याला पुरला होता तिनं कुंपणाशी एक दगड ठेवून त्याच्यापुढं मांडलं. विहीर आटत चाललेली आणि पोरी आपल्या तोंडचं पाणी मातीवर ठेवत होत्या.

हिलाल मास्तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "अक्का, तुमच्या कबरस्थानात पाणपोई उघडली म्हणे. मेलेली माणसं लांबून लांबून येतायत."

अक्का म्हणाल्या, "तुमच्या उपदेशानं एकीचीही तहान भागली नाही मास्तर, म्हणून उघडावी लागली."

मास्तर हसले, पण मग खाली बसले आणि हळू आवाजात बोलले. आज पाणी आहे, उद्या सांजोरी येईल, परवा कोणी नारळ फोडील. बोर्डिंगच्या मुख्य मडम दौऱ्यावरून परत आल्या की त्यांना काय सांगायचं? आणि मडमचं राहू द्या, या लेकरांना आपण खोटं शिकवतोय त्याचं काय? तरी अक्कांनी आणखी दोन दिवस जाऊ दिले असते. कस्तुरामुळं ते झालं नाही.

कस्तुरा नऊ वर्षांची. तिला घागर मिळाली नाही म्हणून तिनं पत्र्याचा डबा धुऊन भरला, आणि पाण्यात माती उडू नये म्हणून वर झाकण ठेवलं. तिचा बाप त्याच साथीत गेलेला. रोज संध्याकाळी बाकीच्या पोरी आपापल्या भांड्यात डोकावून आनंदानं ओरडायच्या आणि कस्तुराच्या डब्यातलं पाणी होतं तेवढंच असायचं. तिसऱ्या दिवशी ती डब्याजवळ मातीत लोळण घेऊन रडायला लागली. बाप माझ्या हातचं पीत नाही, तो माझ्यावर रागावून गेलाय, असं तिनं धरून ठेवलं. बाप जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं त्याचं सांगणं ऐकलं नव्हतं, असं काहीसं होतं.

मग मात्र अक्कांना कळलं की खरं सांगावं लागणार. एका पोरीला जगवणारी गोष्ट दुसरीला जाळत होती.

त्यांनी काय केलं ते मला फार आवडलं होतं, पुढचं कळेपर्यंत. त्यांनी सुंदरबाईकडून एका आव्यातल्या दोन सारख्या घागरी आणल्या. सगळ्या पोरींसमोर दोन्ही भरल्या. निंबाची काडी आत उभी धरून पाण्याच्या पातळीवर विळीनं खूण केली. एक घागर चमेलीबाईच्या कबरीवर ठेवली, दुसरी बोर्डिंगच्या ओट्यावर. ओट्यावर कोणी मेलेलं नाही, असं पोरींकडून तीनदा वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सगळ्यांना घेऊन दोन्हीकडं काडी बुडवली. कबरीवरचं पाणी चार बोटं उतरलं होतं. ओट्यावरचंही चार बोटं. मग कस्तुराच्या डब्याचं झाकण काढून त्यांनी तिला आत हात घालायला लावला, बाहेरून डबा चाचपायला लावला. पत्रा कोरडा. घागर मात्र बाहेरून ओलसर.

घागर पाणी पिते आणि ऊन पाणी पितं, अक्का म्हणाल्या. तुझा बाप रागावलेला नाही, कस्तुरा. तो इथं नाहीच.

कस्तुरानं डबा पालथा केला आणि डोळे पुसले. पोरी भांडी गोळा करायला पांगल्या, त्यांना आता हा खेळ जुना झाला होता. पाठीमागून मास्तरांनी मान डोलावली. नंतर मडमनी वार्षिक अहवालात या धड्याबद्दल चार चांगल्या ओळीही लिहिल्या.

ओट्यापाशी झुंबर एकटी राहिली. तिच्या हातात ती काडी होती. खूण आणि ओली कड यांच्यामध्ये तिनं आपली बोटं लावून पाहिली. तिची बोटं लहान, चार पुरली नाहीत.

"म्हंजे मायनी पानी पिधंच नही?"

अक्कांनी नाही म्हणून सांगितलं. आणि लगेच, तिला तहानच नाही बाळ, हे जोडलं.

झुंबर म्हणाली, "तिनी पानी मांगं व्हतं. लई डाव मांगं. मी दिधं नही."

अक्का खाली बसल्या. त्यांना वाटलं, पोर सहा वर्षांची होती तेव्हा, पाणी कुठं आहे हे कळलं नसेल, हात पोचला नसेल. तसं काही सांगून तिला जवळ घ्यायचं म्हणून त्यांनी हात पुढं केले. पण झुंबरला आणखी सांगायचं होतं.

"तुम्हीच सांगेल व्हतं ना अक्का. ताप मा पानी देवानं नही. मी बठ्ठं बरोबर कयं."

हे ऐकवताना अक्कांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या विहिरीकडं बघत होत्या. मी सांगितलेलं सगळं तिनं बरोबर केलं, असं त्या म्हणाल्या. बाप बेशुद्ध होता. पोर माठाला पाठ लावून बसली होती, म्हणजे आईला उठून माठाकडं येता येऊ नये. मी दारात उभी राहून शाबास म्हणाले होते तिला. ते मला आठवतंय.

त्यांनी झुंबरला मांडीवर घेतलं. ती आली, पण लाकडासारखी. अक्कांनी तिला सांगितलं की चूक माझी होती, तुझी नाही. तुला कोणी शिक्षा करणार नाही, माय तर नाहीच. प्रभू सगळं क्षमा करतो. हे सगळं खरं होतं आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात येत होतं की त्यातलं काही पोरीपर्यंत जात नाही. सहा महिने पोरीनं हे एकटीनं मनात धरून ठेवलं होतं. मग तिला एक उपाय सापडला होता. रोज चार बोटं का होईना, ती आईला ते पाणी परत देत होती. आणि अक्कांनी काडी घालून दाखवून दिलं होतं, की ते पाणी पोचलंच नाही.

शेवटी झुंबरनं एक प्रश्न विचारला. ईस्टरच्या पहाटे अक्का जे शिकवायच्या त्यातूनच तो निघाला होता.

"माय जवय उठी, तवय तिले तीस लागी का?"

माय उठेल तेव्हा तिला तहान लागेल का, हे अक्कांनी मास्तरांना विचारलं. मास्तरांनी शास्त्रातल्या दोन-तीन जागा काढून पाहिल्या आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की उठलेल्या माणसांना भूक-तहान नसेल असं एके ठिकाणी वाटतं खरं, पण प्रभू स्वतः उठल्यावर शिष्यांकडं खायला मागतो, असंही आहे. तेव्हा नक्की सांगता येत नाही. अक्कांनी हे झुंबरला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी अक्कांना भीती होती की पोर पुन्हा पाणी सोडेल. तिनं सोडलं नाही. तांब्या पुढं केला की घ्यायची, रिकामा करायची, खाली ठेवायची. तहान लागली म्हणून पिणारं लेकरू आणि सांगितलं म्हणून पिणारं लेकरू, यातला फरक मला तेव्हापासून लांबूनही ओळखता येतो, असं अक्का म्हणाल्या. झुंबरनं कबरस्थानात पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

पावसाळा लागल्यावर तोताराम आला. त्यानं दुसरी बायको केली होती, घर लावलं होतं, मुलीला घेऊन जायला आला होता. अक्कांनी त्याला सगळं सांगायचं ठरवलं होतं. पण तो नवं धोतर नेसून, मुलीसाठी खजूर घेऊन आला होता आणि सारखा हात जोडत होता, की तुम्ही साथीत आमच्या घरी पेज आणली ते मी विसरणार नाही. ते न सांगताच अक्का आत वळल्या. झुंबरचं बोचकं बांधताना त्यांनी ती लहान घागर त्यात ठेवली, आठवण म्हणून. गाडी गेल्यावर पाहिलं तर घागर ओट्यावर ठेवलेली होती, नीट, पालथी.

चार वर्षांनी त्या पाचोऱ्याला गेल्या. रुळांची गँग दुसरीकडं गेली होती. कोणी चाळीसगाव सांगितलं, कोणी भुसावळ. त्यांनी दोन्हीकडं पाहिलं. झुंबर नावाच्या पोरी सापडल्या, ही नाही. आज ती असली तर पस्तिशीची असेल. तिला मुलं असतील, त्यांना ताप येत असेल.

बोर्डिंगातल्या ईस्टरची पद्धत अजून आहे. यंदा मीही पहाटे पोरींमागून गेलो. फरक एवढाच, की कबरस्थानाच्या फाटकाशी अक्का एक मोठी घागर भरून ठेवतात आणि नावं घेऊन झाली की प्रत्येक पोरीला आपल्या हातानं ओंजळभर पाणी देतात. तापात पाणी द्यायचं, हेही त्या तिथंच सांगतात, दर वर्षी, मोठ्यानं, प्रार्थना संपल्यासंपल्या. नव्या पाद्रीसाहेबांना ते तिथं सांगण्याचं कारण माहीत नाही. काही पोरी उरलेलं पाणी एखाद्या कबरीवर ओततात. अक्का ओतू देतात. त्या स्वतः चमेलीबाईचं नाव घेतात आणि खरी गोष्ट म्हणून एकच वाक्य बोलतात, तिनं पाणी मागितलं होतं.

पंप सुरू झाला त्या दिवशी मी त्यांना पहिला तांब्या भरून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, तू शिकलेला आहेस, पाण्याचं काम करतोस, तुला विचारते. मी म्हणालो, मला नळाचं पाणी कळतं अक्का, हे नाही कळत. तरी त्यांनी विचारलंच.

"ती उठली आणि तिला तहान लागलेली असली, तर पाणी घेऊन पुढं कोणी जायचं रे? झुंबरनं, की मी?"